झाड सरांचं, पाचोळा आमचा. मग खर्च कुणाचा?

*"ताई, आम्ही कोल्हापुरात सानेगुरुजी वसाहतीत राहतो. शेजारी निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांच्या आवारातला गुलमोहर आता निम्मा आमच्या घरावर आलाय. त्याची बारीक पानं पन्हळीत साचतात आणि पावसाळ्यात पाणी भिंतीत मुरतं. गेल्या वळवाला एक फांदी मागच्या शेडवर पडून सिमेंटचे दोन पत्रे फुटले (शेड आम्ही चार वर्षांपूर्वी टाकलंय). सरांना सांगितलं तर म्हणाले, 'मला झाडाचा काही त्रास नाही. तुम्हाला नको असेल तर तुम्ही पाडा, खर्च तुमचा.' झाड पाडणारा 28 हजार सांगतोय. मिस्टरांचा एक मित्र म्हणतो, रात्री बुंध्याला भोक पाडून हिंग भरा, झाड आपोआप वाळतंय. आता सरांशी बोलणं बंद आहे. झाड त्यांचं, मग पैसे आम्ही का घालायचे?"* – एक वाचक, कोल्हापूर

आधी हिंगाचं बघू, कारण या सगळ्यात आज रात्री होण्यासारखं तेवढंच आहे. हिंगानं झाड मरतं की नाही हा वाद बाजूला ठेवा. समजा मेलं. वाळलेला गुलमोहर कुणाच्या डोक्यावर उभा राहणार? हे लाकूड ओलं असतानाच ठिसूळ. वाळल्यावर तर फांदी मोडायला वळीवसुद्धा लागत नाही. शिवाय शहरी भागातल्या झाडांसाठी राज्यात 1975 चा कायदा आहे आणि त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड चालवणं नव्हे; जाळणं किंवा कुठल्याही मार्गानं इजा करणं त्यातच धरलंय. मित्राचं काय जातंय सांगायला, गुन्हा मिस्टरांच्या नावावर लागेल.

आता पैशाचं. झाड सरांचं म्हणून ते पाडायचा खर्चही सरांचाच, असं तुम्ही गृहीत धरलंय. उभ्या, निरोगी झाडाच्या बाबतीत हे इतकं सरळ नाही. शेजाऱ्याला पाचोळ्याचा त्रास होतो म्हणून मालकानं आपलं झाड मुळासकट पाडावं, अशी सक्ती होत नाही. फांद्यांचं वेगळं आहे. हद्द ओलांडून आलेल्या फांदीबद्दल तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि फांदी धोक्याची आहे हे मालकाला माहीत असूनही त्यानं काही केलं नाही, मग ती पडून नुकसान झालं, तर जबाबदारी त्याच्याकडे जाते. पण 'माहीत होतं' हे दाखवायला कागद लागतो. फुटलेल्या पत्र्यांचे फोटो काढलेत का? सरांना चार ओळी लिहून दिल्यात का? पत्रात तसं काही दिसत नाही. कंपाउंडवरून ऐकवलेलं पुढं कुठंच टिकत नाही.

आणि ते कंसातलं शेड. एवढी महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात घातलीत! चार वर्षांपूर्वी तुम्ही पत्रे टाकलेत तेव्हा गुलमोहर काय रोप होता? मोठ्या झाडाखाली सिमेंटचे पत्रे टाकायचे आणि फुटले की झाडाला बोल लावायचा, हे सरांच्या बाजूनं कसं दिसत असेल ते बघा. शेड सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि हद्दीमधल्या मोकळ्या सोडायच्या जागेत, विनापरवाना असेल तर महापालिकेत अर्ज टाकण्याआधी दोनदा विचार करा. पाहणीला आलेला माणूस फक्त वरच बघेल असं नाही.

माझं मत विचाराल तर झाड पाडूच नका, छाटून घ्या. 28 हजारांचा आकडा अख्खं झाड पाडण्याचा आहे. खाली घर आणि शेड असल्यामुळे प्रत्येक फांदी दोरीला बांधून उतरवावी लागते, मजुरी तिथंच जाते. त्यात पाडायची परवानगी मागितली की उद्यान विभागाची पाहणी, झाडावर नोटीस, हरकती हे सगळं आलं. त्याच 1975 च्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर पाडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आहे, आणि गुलमोहर पन्नाशीचा निघाला तर तो वारसा वृक्ष ठरू शकतो. छाटणीलाही परवानगी लागते, पण ते काम पुष्कळ सुटसुटीत.

फक्त एकट्या तुमच्या बाजूच्या फांद्या उतरवू नका. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात. एका अंगाचं वजन काढलं की झाडाचा सगळा भार सरांच्या घराकडे जाणार. म्हणून छाटणी दोन्हीकडून, तोल सांभाळून, आणि एकदम पाव भागापेक्षा जास्त नाही. सरांशी पैशाचं बोलायला हाच तुमचा मुद्दा आहे: काम दोघांच्या छपरासाठी आहे, म्हणून खर्च निम्मा-निम्मा.

दर तिघांकडून घ्या आणि छाटणी, फांद्या उचलून नेणं असं वेगवेगळं सांगायला लावा. लाकडाच्या बदल्यात वखारवाला फुकट काम करेल या आशेवर राहू नका. आंब्या-सागवानाला ते जमतं, गुलमोहर जळणापलीकडे जात नाही. फांद्या विजेच्या तारांना टेकत असतील तर महावितरणच्या शाखा कार्यालयात तक्रार द्या. पावसाळ्याआधी तारांजवळचं तेच तोडतात, तुमच्या खर्चातून तेवढं वजा. दोरी लावायच्या आधी वर कावळ्याचं घरटं आहे का तेही बघून घ्या.

सरांकडे तुम्ही एकट्या जा, मिस्टर नकोत. त्यांचं आधीच बिनसलंय. संध्याकाळी जा. "सर, झाड राहू दे. पाडायचं म्हणालो ते आमचं चुकलं. पण वळवाच्या आत दोन्हीकडून छाटून घेऊया, निम्मे आम्ही देतो, माणूस आम्ही बघतो, अर्जावर सही तेवढी तुमची हवी." निवृत्त माणसाला 28 हजार ऐकून धडकी भरली असेल आणि ते बोलायची लाज वाटली असेल, हीसुद्धा शक्यता धरा. 'मला काही त्रास नाही' हे पुष्कळदा 'माझ्याकडे एवढे नाहीत' असंही असतं. तसं वाटलं तर निम्म्याच्या जागी दोन तृतीयांश द्या. पुन्हा दोन पत्रे आणि त्यांची मजुरी गेली तर तेवढे जातीलच.

सर नाहीच म्हणाले तर मग कागद. धोका लिहून त्यांना पत्र, त्याची प्रत आणि फोटो जोडून महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. बुंधा पोकळ झालाय, झाड झुकलंय, मुळाशी माती उचलली गेलीय, असं काही खरोखर दिसत असेल तर गोष्ट वेगळी. जिवाला धोका असलेल्या झाडाला परवानगी नाकारता येत नाही, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी असं झाड काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा आदेश मालकाला देऊ शकतात. पण पन्हळीतल्या पाचोळ्यासाठी तिथवर जाऊ नका. त्याला शंभर-दोनशे रुपयांची जाळी बसवा, छाटणी झाली तरी ती लागणारच आहे.