किडलेली दाढ आणि पपईचे जेल

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी ड्रिलच्या आवाजानेच रडू लागते. औषध लावून कीड काढता येते, हे खरे आहे का? (एक आई, गुहागर)

उत्तर : खरे आहे, मात्र औषध कीड फक्त मऊ करते, काढावी लागते ती हातानेच. १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झालेल्या ‘कॅरिसॉल्व्ह’ या जेलमध्ये सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधले रसायन) आणि तीन अमिनो आम्ले होती, २००३ मध्ये ब्राझीलमध्ये आलेल्या ‘पापाकॅरी’त हे काम मुख्यतः पपेन, म्हणजे पपईतील प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) करते. किडीमुळे ज्या डेंटिनमधील (दाताच्या वरच्या कवचाखालचा थर) कोलॅजन या प्रथिनाचे धागे आधीच तुटू लागलेले असतात, तेथेच जेलचा परिणाम होतो आणि निरोगी डेंटिन शाबूत राहते. अर्धा-एक मिनिट थांबून बोथट, चमच्यासारख्या हत्याराने मऊ भाग खरवडतात आणि जेल गढूळ व्हायचे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करतात. वेळ ड्रिलपेक्षा अधिक लागतो, पण भुलीचे इंजेक्शन बहुधा टळते. घाबरलेल्या मुलासाठी डॉक्टरांनी हा वेळ द्यायलाच हवा, असे माझे मत आहे. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण बाहेरच्या कवचावर मात्र जेल चालत नाही. खड्ड्याचे तोंड अरुंद असेल, तर ते उघडण्यापुरते ड्रिल लागते. हे मुलीला आधीच सांगा, फसवून खुर्चीत बसवू नका.

प्रश्न : परसातल्या कच्च्या पपईचा चीक दाढेत भरला तर? (वाचक, मालवण)

उत्तर : कृपया भरू नका. काजूच्या टरफलातील तेलाने कातडी कशी सोलते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पपईचा चीकही हिरडीला आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेला इजा करतो. शिवाय कीड खरवडून वर सिमेंट भरले नाही, तर खड्डा वाढतच राहतो. ज्यांना रबरी हातमोज्यांची ॲलर्जी आहे, त्यांना पपेनचीही असू शकते. त्यांनी तसे दवाखान्यात आवर्जून सांगावे.

प्रश्न : दाढ रात्री आपोआप ठणकते. जेल चालेल? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नाही. कीड बहुधा दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली आहे. एक्स-रे काढून घ्या. रूट कॅनाल लागेल, किंवा दाढ काढावी लागेल.

प्रश्न : शाळेतील शिबिरात विजेविना मुलाची दाढ भरली आणि तळाशी थोडा तपकिरी भाग तसाच ठेवला. काम अर्धवट झाले का? (पालक, दापोली)

उत्तर : नसेजवळचा, घट्ट लागणारा तपकिरी भाग मुद्दाम ठेवतात, कारण तो खरवडताना नस उघडी पडण्याचा धोका असतो. वरचे सिमेंट कडेने घट्ट बसले असेल, तर आत उरलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही आणि कीड थांबते. अशा वेळी वापरले जाणारे ग्लास आयोनोमर सिमेंट फ्लोराइडही सोडते. चावण्याच्या पृष्ठभागावरील लहान खड्ड्यात ते चांगले टिकते. दोन दाढांच्या मधल्या फटीत असेल, तर लवकर निखळू शकते, म्हणून सहा महिन्यांनी तपासून घ्या.