क्रांतिवृत्तात कसली क्रांती?

प्रश्न असा आलाय की क्रांतिवृत्त हा शब्द वाचून मुलगी विचारते सूर्याने कुणाविरुद्ध क्रांती केली, आणि सूर्य रोज उगवून मावळतो तोच हा मार्ग का?

आधी दुसऱ्याचं सांगतो कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. नाही, तो रोजचा मार्ग नव्हे. रोजचं पूर्व-पश्चिम जाणं पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिसतं, जुन्या ज्योतिषात त्याला अहोरात्रवृत्त असा फार छान शब्द आहे. क्रांतिवृत्त म्हणजे सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून सरकत जातो ती वाट, रोज साधारण १ अंश, पश्चिमेकडून पूर्वेकडे. खरं तर सूर्याभोवती फिरतो आपण, सरकताना दिसतो तो.

दिवसा तारे दिसत नाहीत मग हे कळतं कसं? आपल्याकडे शेतकऱ्याला विचारा ना! ७ जूनच्या आसपास 'मृग लागला' म्हणतात, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला, म्हणूनच तेव्हा रात्री मृग शोधून सापडत नाही आणि डिसेंबरात मध्यरात्री तोच जवळजवळ डोक्यावर असतो. पुढे आर्द्रा, पुनर्वसू, प्रत्येकात तेरा-चौदा दिवस. क्रांतिवृत्त हा शब्द आयुष्यात न ऐकलेला माणूससुद्धा पेरणीच्या गप्पांमध्ये क्रांतिवृत्तच मोजत असतो.

आता क्रांती. मूळ धातू क्रम्, पाऊल टाकणं, चालणं. परिक्रमा, अतिक्रमण, पराक्रम, सगळी त्याचीच पोरं. संक्रांत पण, म्हणजे सूर्याने एका राशीतून दुसऱ्या राशीत पाऊल टाकलं, वर्षाला बारा वेळा, आपण तिळगूळ फक्त मकरेचा खातो एवढंच. राजकीय उलथापालथ हा अर्थ नंतर चिकटला. गंमत म्हणजे इंग्रजीतही सेम, कोपर्निकसच्या १५४३च्या पुस्तकाच्या नावातलं 'रेव्होल्यूशन' म्हणजे गोलांचं फिरणं, बंडबिंड काही नाही. क्रांतिवृत्ताला इंग्रजीत इक्लिप्टिक म्हणतात ते मात्र ग्रहणावरून, कारण चंद्र या वाटेच्या जवळ असताना अमावास्या-पौर्णिमा आली तरच ग्रहण लागतं. मराठीत आयनिकवृत्त असंही म्हणतात, अयन म्हणजेही जाणंच! मला आपली नावं जास्त आवडतात, चालणाऱ्याची वाट, बास. (आणि हो, सुटा शब्द क्रांती दीर्घ पण क्रांतिवृत्त ऱ्हस्व, पाट्यांवर हमखास चुकतं.)

अजून एक घोळ, खगोलशास्त्रात नुसती 'क्रांती' म्हणजे वेगळीच गोष्ट, खगोलीय विषुववृत्तापासून (म्हणजे आपलं विषुववृत्त आकाशात ताणलं की होणारं वर्तुळ) उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश ते. पृथ्वीचा आस कललाय म्हणून सूर्याची क्रांती जास्तीत जास्त २३ अंश २६ मिनिटं होते, सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात ही परमक्रांती २४ अंश धरलीय, त्या काळी नळ्या-काठ्यांवर एवढं जमवलं म्हणजे कमालच.

मुलीला दाखवायचंच असेल तर पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा, मेच्या १३-१४ तारखेला सूर्याची क्रांती तेवढीच होते, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीत एक सरळ पेला उभा ठेवा, सावली बुडाखालीच गडप होते. जुलैच्या शेवटी पुन्हा हाच योग येतो पण तेव्हा सूर्यच ढगाआड, त्यामुळे मेमध्येच उरकून घ्या.