याकोबाला तोलताना

प्रश्न : आमच्या शरणपूर रोडच्या बायबल अभ्यास गटात पुढच्या महिन्यात याकोब घ्यायचा आहे. बापाला फसवणारा माणूस कुलपिता कसा, असे तरुण मुले हमखास विचारतात. त्याचे गुणदोष कसे मांडावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दोन प्रसंग वेगळे ठेवा, गल्लत तिथेच होते. उत्पत्तीच्या २५व्या अध्यायात एसाव भाकर आणि मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकतो. याकोबाने भुकेल्या भावाची अडचण साधली, पण तो उघड व्यवहार होता. फसवणूक २७व्या अध्यायात आहे: आंधळ्या बापाचा आशीर्वाद मिळवायला याकोब एसाव बनून जातो. तिथे त्याची शंका मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. हे पाप आहे असे तो आईला म्हणत नाही. वडिलांनी चाचपले तर पकडला जाईन, एवढीच भीती. बेत आई रिबकेचा, पण ‘मी एसाव’ हे खोटे त्याच्याच तोंडचे. हा दोष सौम्य करू नका.

गुणांसाठी ३१:३८-४१ घ्या. मामा लाबानाकडे २० वर्षे चाकरी, त्यातली १४ त्याच्या मुलींसाठी. दिवसा ऊन, रात्री गारठा, डोळ्याला डोळा नाही. श्वापदाने फाडलेल्या मेंढराची भरपाईही स्वतःच्या पदरची. ही चिकाटी खरी आहे.

मग २७:१८-१९ आणि ३२:२७ शेजारी ठेवा. दृष्टी गेलेला बाप ‘तू कोण?’ विचारतो तेव्हा भावाचे नाव पुढे येते. याब्बोक नदीच्या काठी रात्रभर झोंबी घेणारा ‘तुझे नाव काय?’ विचारतो तेव्हा मात्र ‘याकोब’. याच नावाला एसावाने फसवणुकीशी जोडले होते (२७:३६), म्हणून हे उत्तर आम्हाला कबुलीसारखे वाटते. बैठकीचा निम्मा वेळ इथे द्या.

‘त्या रात्रीनंतर तो पुरता बदलला’ असे मात्र शिकवू नका. पुढचे अध्याय ते खोडून काढतात. एसावाला भेटताना तो स्वतः पुढे होऊन ७ वेळा लवतो, हे धैर्य. पण दासी आणि त्यांची मुले आघाडीला, आवडती बायको राहेल आणि तिचा मुलगा योसेफ सर्वांत मागे. हाच पक्षपात ३७व्या अध्यायात योसेफाला दिलेला खास झगा होतो, आणि बाकीचे मुलगे तो झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून, योसेफ मेला असे भासवत बापापुढे ठेवतात. करडांची कातडी आणि भावाचे कपडे वापरून त्यानेही बापाला असेच फसवले होते. हे मुलांना सांगू नका, शोधायला लावा.

याकोबाची मुलगी दीना हिच्यावरच्या अत्याचाराचा ३४वा अध्याय लहानांसमोर घेऊ नका. मोठ्यांच्या गटात याकोबाचे तिथले मौन जरूर तपासा.