केंद्रप्रमुख झालीस ना, मग वर्गात बस

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. केंद्रप्रमुख म्हणून आसपासच्या दहा-बारा शाळा तुझ्याकडे आल्या, पण शिक्षक ऐकत नाहीत, ग्रुपवर टाकलेलं कुणी उघडून बघत नाही, केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत सगळे माना डोलावतात आणि शाळेत जाऊन जुनंच करतात, मग हे पद सोडून परत आपल्या शाळेवर शिकवायला जाऊ का असं विचारतेस. वाईट वाटलं गं, कारण तू ही परीक्षा कशासाठी दिलीस ते मला माहितीय. पण एक विचारतो, राग मानू नकोस. एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये एकाही पोराचं नाव का नाही?

वर्गात बस. शेरेबुकात 'अध्यापन समाधानकारक' लिहून चहा पिऊन निघायचं ते नाही म्हणत मी. तिसरीतल्या एखाद्या पोराशेजारी खाली सतरंजीवर बसायचं, पुस्तक उघडायला लावायचं आणि तो वाचतो ते ऐकायचं. कुठे अडतो, जोडाक्षराला अडतो का काना-मात्रेला, का अक्षरच ओळखत नाही आणि धडा पाठ म्हणून दाखवतोय? हे कळलं की मग त्याच्या बाईंशी बोलायला तुझ्याकडे काहीतरी असतं, तोवर नुसती पीपीटी.

2005 पासून असर या शिक्षणाच्या पाहणीवाले हेच करत आलेत, घरी जाऊन एकेका मुलाला वाचायला देतात, आणि त्यामुळेच देशाला कळलं की खेड्यातल्या पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. निपुण भारत हे सरकारी अभियान 2021 ला आलं, तिसरीपर्यंत प्रत्येकाला समजून वाचता यावं म्हणून. तुझ्या केंद्रात किती निपुण झाले ते तू मला पोर्टलवरून सांगितलंस. त्यातल्या किती जणांचं वाचन तू स्वतः ऐकलंयस?

आमच्या पिढीने कुमठे बीट, म्हणजे त्या भागातल्या शाळांचा गट, पाहिलंय. साताऱ्याकडे, प्रतिभा भराडे मॅडम तिथे विस्तार अधिकारी होत्या, ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं त्या पद्धतीचं, काम बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जायचे, 2015 ला राज्याचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आल्यावर तर जास्तच. आणि परत येऊन बऱ्याच ठिकाणी काय केलं, तर तिथल्यासारख्या वर्गाच्या फरशा अक्षरं-आकड्यांनी रंगवल्या. फरशी रंगवणं वाईट नाही, पण मूल त्या फरशीवर काय करतंय, कशात अडकलंय हे बघायला कुणी बसलंच नाही तर तो नुसता ऑइलपेंट आहे. तिथलं खरं काम बघण्याचं आणि ऐकण्याचं होतं. त्याच्याही आधी, 1945 ला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, पोरं बालवाडीत येईनात तर परिपत्रक नाही काढलं त्यांनी, वस्तीत जाऊन अंगणात पोरांजवळ बसल्या.

वेळ नाही म्हणू नकोस. रिक्त जागांचा चार्ज, यू-डायसची म्हणजे शाळांची ऑनलाइन आकडेवारी, पोषण आहाराची माहिती, सगळं सुटणार नाही, मान्य. पण परिपाठाला शाळेत पोचलीस तर मधल्या सुट्टीपर्यंत फोन बॅगेत राहू शकतो. मला ऑफिसात हट्टी म्हणायचे, माहिती उशिरा दिली म्हणून एका साहेबांनी नोटीससुद्धा काढली. मी वर्गात होतो, माहिती दुसऱ्या दिवशी दिली, कुणाचं काय बिघडलं? आजही तेच करीन.

खंत एकच आहे. एका पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत पोरं छान वाचायला लागली होती, तेवढ्यात बदल्यांमध्ये दोन्ही शिक्षक गेले, नवीन आले त्यांना कोण पोरगं कुठवर आलंय हे सांगणारं कुणी नव्हतं आणि सगळं परत अआइई पासून. ते अजून मनातून जात नाही. म्हणून वही ठेव, पोरागणिक एक पान, आणि ती शाळेतच राहू दे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के पालक असतात, निम्म्या बायका असतात, त्यांच्या नुसत्या सह्या घेऊ नकोस, आईला बसव शेजारी आणि पोराचं वाचन ऐकू दे की तिलाही.

आणि हो, 'मॅडम, तुम्हीच शिकवून दाखवा' असं ते गुरुजी म्हणाले म्हणून तुला लागलंय. टोमणा असेल, असू दे. तू खडू घे ना हातात! त्यांच्यासमोर शिकव, चुकलं तर त्यांनाच विचार. अशा माणसाशीच पुढे काम जमतं, मान डोलावणाऱ्यांशी नाही.

सोमवारी त्याच शाळेवर जा. रात्री मला चार पोरांची नावं पाठव आणि प्रत्येकजण कुठल्या शब्दाला अडला ते लिही. पद सोडायचं त्यानंतर बोलू.

तुझा,
सर