शेजारी टॉवर येतोय, आमचं लाइव्ह म्युझिकचं ठिकाण सह्यांनी वाचेल का?

प्रश्न थोडक्यात असा: दीडशे माणसांचं ठिकाण, शेजारच्या बंद गोदामाच्या जागी निवासी टॉवर मंजुरीला गेलाय, ऑनलाइन याचिकेवर हजारो सह्या जमल्यात, आता पुढे काय?

सह्या थांबवू नका, पण त्यांच्या भरवशावर झोपूही नका. मंजुरीच्या फाइलमध्ये प्रेमाला वजन नसतं, आकड्याला असतं. शनिवारी रात्री तुमच्याकडचा बेस टॉवरच्या चौथ्या मजल्यावरच्या बेडरूमच्या खिडकीशी किती भरेल, हे तुम्हाला सांगता येतं का? येत नसेल तर ते बिल्डरचा सल्लागार सांगणार. आणि तो मंगळवारी दुपारी, तुमचं शटर खाली असताना, मोजून गेलेला असणार.

सह्या कुठे चालतात आणि कुठे नाही, हे मेलबर्नच्या ‘द टोट’ या लाइव्ह म्युझिकच्या पबवरून कळतं. २०१०च्या जानेवारीत ते बंद पडलं ते परवान्याच्या अटींपायी. लाइव्ह म्युझिक म्हणजे ‘जास्त धोका’ असं धरून सुरक्षारक्षक वगैरेंचा खर्च माथी मारला होता. फेब्रुवारीत हजारो लोक रस्त्यावर आले, सरकार नमलं आणि ठिकाण त्याच वर्षी पुन्हा उघडलं. अट सरकारची होती, ती सरकारच्या एका सहीने बदलता आली. त्याच टोटची इमारत २०२३मध्ये विक्रीला निघाली, तेव्हा मोर्चा कामाचा नव्हता. लोकवर्गणीतून ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर उभे करावे लागले. तुमचा टॉवर या दोन्हींत बसत नाही. तो तिसरा प्रकार आहे: आज कुणाचीच तक्रार नाही, लोक राहायला आल्यावर ती येणार.

आणि ती बेसचीच येणार. इथे माझं जुनं दुखणं आहे, म्हणून जरा लांबण लावतो. बहुतेक अहवाल ‘डेसिबल ए’मध्ये लिहिलेले असतात, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर वजा करून (याला ए-वेटिंग म्हणतात). ए-वेटिंग ६३ हर्ट्झच्या पट्ट्यातून २६ डेसिबल सरळ कापून टाकतं. आता हिशेब बघा. खिडकीबाहेर ६३ हर्ट्झला ७० डेसिबल आहेत. बंद खिडकी या पट्ट्यात जेमतेम २० अडवते. आत राहिले ५०. ए-मध्ये मांडले तर २४, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने बेडरूमसाठी सांगितलेल्या ३०च्याही खाली. अहवालात ‘परिणाम नगण्य’ असं छापून येतं. पण ६३ हर्ट्झला माणसाच्या कानाचा उंबरठा साधारण ३७ डेसिबल आहे, आणि या खोलीत त्याच्यावर १३ डेसिबल किक ड्रम धडधडतोय. माणूस झोपत नाही, तक्रार करतो, आणि तक्रार तुमच्या नावावर जाते.

म्हणून मोजणी १/३ ऑक्टेव्ह पट्ट्यांत (आवाजाचे कंपनसंख्येनुसार बारीक तुकडे करून) हवी, निदान ६३ आणि १२५ हर्ट्झ वेगळे दिसले पाहिजेत. क्लास १ (सर्वात अचूक वर्गाचा) आवाजाचा मीटर घ्या. सर्वात जोरदार बँडची रात्र निवडा. पंधरा-पंधरा मिनिटांचे एलईक्यू (Leq, तेवढ्या वेळातली सरासरी पातळी), आणि शो संपल्यावर त्याच जागी पार्श्वभूमीचा एल९० (नव्वद टक्के वेळ आवाज ज्याच्या वर असतो ती पातळी). प्रत्येक नोंदीसमोर वेळ, दार उघडं की बंद, स्टेजवर कोण, हे लिहा. भिंतीपासून एक मीटरवर मोजलंत तर परावर्तनाचे सुमारे ३ डेसिबल जास्त दिसतात, तेही नमूद करा. त्याच वेळी आत मिक्सरपाशी दुसरा मीटर चालू ठेवा. आतला आणि बाहेरचा आकडा एकाच घड्याळावर असला की तुमची इमारत किती अडवते ते आपोआप निघतं.

मोजणी फुटपाथवर करून थांबू नका. फुटपाथला तुमच्या भिंतीची आणि कठड्याची आड असते. टॉवरच्या पाचव्या मजल्याला थेट तुमचं छप्पर दिसतं, आणि छोट्या ठिकाणाचं छप्पर म्हणजे बहुतेकदा पत्रा आणि थोडा खनिज लोकरीचा थर. भिंत ४० अडवत असेल तिथे पत्रा ६३ हर्ट्झला त्याच्या निम्मंही अडवत नाही. उंच मास्टवर माइक लावा किंवा आवाजाच्या संगणकी मॉडेलमध्ये ती उंची घालून घ्या.

आकडे हातात आले की बिल्डरकडून काय मागायचं ते ठरतं. ‘डबल ग्लेझिंग देतो’ यावर खूश होऊ नका. ४ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये १२ची फट, या जोडीचा स्वतःचाच अनुनाद २४५ हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या खाली दोन काचा एकाच काचेसारख्या वागतात. ६ आणि १०च्या काचांमध्ये २०० मिलिमीटर अंतर ठेवलं तर तो अनुनाद ४४ हर्ट्झपर्यंत उतरतो आणि ६३ला काहीतरी हाती लागतं. याहून स्वस्त उपाय नकाशातच आहे: तुमच्या बाजूला जिने, कॉरिडॉर, बाथरूम; बेडरूम पलीकडे. बेडरूम त्याच बाजूला ठेवायच्याच असतील तर यांत्रिक हवा खेळती हवी. नाहीतर लोक खिडकी उघडणार, आणि उघड्या खिडकीत सगळा काचेचा खर्च पाण्यात. अटीत हेही घाला की ताबा देण्याआधी, शो चालू असताना, तयार फ्लॅटमध्ये पट्टेवार मोजणी होईल आणि त्यात नापास झालेला फ्लॅट विकता येणार नाही.

यामागच्या तत्त्वाला ‘एजंट ऑफ चेंज’ म्हणतात: जो नव्याने येतो, आवाज अडवायचा खर्च त्याचा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४मध्ये ते नियोजनाच्या नियमांत आणलं, तिथे लाइव्ह म्युझिकच्या ठिकाणापासून ५० मीटरच्या आत येणाऱ्या घरांना ते लागू होतं. इंग्लंडच्या नियोजन धोरणात ते २०१८मध्ये आलं, स्कॉटलंडच्या कायद्यात २०१९मध्ये. तुमच्याकडे असं काही नसेल तरी या तीन ठिकाणची भाषा हरकतीत उतरवा. अधिकाऱ्याला तयार शब्द मिळाले तर त्याचंही काम हलकं होतं.

‘पण आम्ही तर आधीपासून इथे आहोत!’ हे सगळे म्हणतात, आणि कोर्टात ते बऱ्याचदा चालत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये कोव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स या खटल्यात, मोटार शर्यतींच्या एका स्टेडियमबद्दल, हेच पुन्हा सांगितलं: तक्रारदार नंतर राहायला आला म्हणून उपद्रव माफ होत नाही. त्यामुळे मंजुरीतली अट पुरत नाही, फ्लॅट घेणाऱ्यालाही बांधून घ्यावं लागतं. लंडनच्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ क्लबने समोरच्या टॉवरच्या वेळी हेच साधलं. आवाजाचा हक्क क्लबला सुविधाधिकार (ईझमेंट, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेवरचा, तिच्याशी जोडलेला हक्क) म्हणून मिळाला, म्हणजे फ्लॅट कितीदाही विकला तरी नवा मालक त्याला बांधील. वकिलाला अशाच सुविधाधिकाराचा मसुदा करायला सांगा.

आता घरचं. तुमच्याकडे भिंतीवर फोम आहे? अंड्यांचे ट्रे? ते खोलीतला घुमारा कमी करतात, आवाज बाहेर जायचा थांबवत नाहीत. ६३ हर्ट्झची तरंगलांबी साडेपाच मीटर आहे, त्यापुढे पाच सेंटीमीटरचा फोम म्हणजे पुराला टोपली. हा वाद मी किती संगीतकारांशी घातलाय त्याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी समोरचा म्हणतो, ‘पण आत फरक पडलाय ना!’ आत पडलाय. तक्रार बाहेरून येते.

बाहेर फरक पाडतात तीन गोष्टी: वजन, फटी, आणि सब (बेसचा मोठा स्पीकर, सबवूफर) कशावर ठेवलाय ते. फटीचं गणित सोपं आहे. दोन चौरस मीटरच्या दाराखाली दोन सेंटीमीटरची फट म्हणजे बरोबर एक टक्का उघडं. मग दार कितीही जाड करा, २० डेसिबलच्या वर काही मिळत नाही. खाली ड्रॉप सील (दार लागलं की खाली उतरणारी पट्टी), चौकटीला गोल रबर, आणि आत-बाहेर दोन दारांची लॉबी एवढी लांब की दोन्ही एकदम उघडी राहू नयेत. पोकळ स्टेजवरचा सब स्टेजलाच ढोल बनवतो. त्याखाली रबराची चटई टाकून लोक निर्धास्त होतात. त्या रबराची नैसर्गिक कंपनसंख्या ३० असेल तर ४० हर्ट्झला कंप कमी न होता उलट वाढतो. १० हर्ट्झची स्प्रिंग असेल तर कागदावर २३ डेसिबल कमी होतात. सब एकामागे एक लावून मागचा उलट्या पोलॅरिटीत आणि मीटरभर अंतराला सुमारे २.९ मिलिसेकंद डिलेने चालवला तर मागच्या भिंतीवरचा मार उतरतो, पण लहान खोलीत भिंतींच्या परावर्तनाने त्यातला बराच फायदा जातो. हे न सांगता कार्डिऑइडची (अशा मागे कमी आवाज टाकणाऱ्या मांडणीची) किट विकणारे भेटतील. आणि बेसिस्ट मित्रांनो, सगळा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) पाच डेसिबल खाली ओढण्यापेक्षा ८० हर्ट्झखालचे पाच काढलेत तर बाहेर जवळजवळ तेवढाच उपयोग होतो, आणि गाणं तेवढंच राहतं.

हे सगळं शेजाऱ्याविरुद्ध चालतं, घरमालकाविरुद्ध नाही. जागा भाड्याची असेल तर आज भाडेकरार काढा आणि पुनर्विकासासाठी मुदतीआधी खाली करून घ्यायचं कलम शोधा. ते असेल तर एजंट ऑफ चेंज, सुविधाधिकार, स्प्रिंग, सगळं फोल. तिथे फक्त मालकी कामाची. ब्रिटनमध्ये छोट्या संगीत-ठिकाणांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टने लोकांना शेअर विकून इमारतीच विकत घ्यायला सुरुवात केली ती याचसाठी. पहिली, ॲथर्टनमधली ‘द स्नग’, २०२३मध्ये घेतली.

सह्या केलेल्यांपैकी पन्नास जणांकडून स्वतःच्या शब्दांत पत्रं लिहून घ्या. एकाच मसुद्याची हजार पत्रं बऱ्याच कार्यालयांत एकच हरकत म्हणून मोजली जातात. कायदा जागोजागी वेगळा आहे, वकील स्थानिकच घ्या. फटी बुजवताना आपत्कालीन दाराला कुलूप लावू नका, हवेचा मार्ग बंद करू नका. आणि मीटर भाड्याने आणलात तर ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटरही मागून घ्या आणि मोजणीच्या आधी व नंतर त्याची नोंद ठेवा. समोरचा सल्लागार पहिल्यांदा तेच विचारतो.