हॉटेलची धुलाई करणारे रिव्ह्यू वाचायला इतकी मजा का येते?

तुम्ही विचारलंय की एखाद्या हॉटेलला धू धू धुतलेला रिव्ह्यू वाचताना इतकं हसू का येतं, आणि असं हसणं बरोबर आहे का. मला हे रिव्ह्यू मनापासून आवडतात, रात्री पडल्यापडल्या जुने जुने शोधून वाचतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी पीट वेल्सचा वाचा, तो तेव्हा न्यूयॉर्क टाइम्स ह्या पेपरचा रेस्टॉरंट समीक्षक होता. नोव्हेंबर 2012. गाय फिएरी म्हणून अमेरिकेतला टीव्हीवरचा प्रचंड फेमस माणूस, त्याने टाइम्स स्क्वेअरला भलंमोठं रेस्टॉरंट काढलं होतं, आणि वेल्सने जवळजवळ अख्खा रिव्ह्यू नुसत्या प्रश्नांत लिहिला, तेही थेट त्या गायलाच विचारलेले. पहिलाच प्रश्न काय तर तू स्वतः जेवलायस का रे तुझ्या ह्या नव्या हॉटेलात? मग तो अणुकचऱ्यासारखा चमकणारा निळा ड्रिंक प्यायलास का, त्याला गाडीच्या रेडिएटरमधल्या पाण्याची चव कशी काय येते... असं चालूच, आणि शेवटी फक्त थँक्स. आमची आजी अगदी अशीच होती, भाजी बिघडली तर वाईट झालीय असं कधीच म्हणायची नाही, शांतपणे विचारायची, फोडणी दिली होती का गं? मीठ घातलं होतंस ना? त्या प्रश्नांनी जे व्हायचं ते ओरडण्याने झालं नसतं. म्हणून मला वाटतं वेल्सचं ते लिखाण मराठी माणसाला पटकन कळतं.

दुसरा जे रेनर ह्या ब्रिटिश समीक्षकाचा, 2017 चा. पॅरिसमधलं ल सँक नावाचं रेस्टॉरंट, तीन मिशेलिन स्टार (मिशेलिन गाइड उत्तम रेस्टॉरंटना स्टार देतं, तीन म्हणजे सर्वांत वरचा दर्जा), आणि दोघांचं बिल 600 युरो. ह्यातली निम्मी मजा त्या 600 मध्ये आहे असं माझं मत. तेच जेवण 20 युरोत मिळालं असतं तर हसू आलं नसतं, त्या हॉटेलची दयाच आली असती. पण एवढे पैसे मोजून काळे चिकट कांदे ताटात आले की माणूस जे बोलतो ते ऐकायला सगळे पुढे सरकून बसतात, लग्नाच्या पंगतीत आहेर घसघशीत देऊन जिलबी कडक निघाली की मागच्या रांगेत जे चालतं तेच.

तिसरा डिसेंबर 2021 चा, जेराल्डीन डेरुइटर ह्या लेखिकेने लिहिलेला, इटलीत लेच्चे गावातल्या ब्रोस नावाच्या मिशेलिन स्टारवाल्या रेस्टॉरंटवर. 27 कोर्स आणि तरी पोट रिकामं, आणि एक पदार्थ तर शेफच्या तोंडाचा साचा काढून त्यात फेस भरून दिलेला, चमचा नाही, चाटून खायचा! ह्यात तिला विनोद करावाच लागला नाही, जे समोर आलं ते क्रमाने सांगितलं एवढंच. शेफने वर तीन पानी उत्तर पाठवलं, त्यात घोड्यावरच्या माणसाची चित्रं, म्हणजे मजा अजून वाढली.

तर माझं उत्तर असं की हसू येतं ते नेमकेपणामुळे. बकवास, थर्ड क्लास, पैसे पाण्यात, ह्यात कसली चव कळते? रेडिएटरचं पाणी म्हटलं की जीभ लगेच आक्रसते. आणि ही मंडळी उगाच लिहीत नाहीत, न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक खोट्या नावाने टेबल बुक करतात, एकापेक्षा जास्त वेळा जाऊन जेवतात, बिल पेपर भरतो. समोरचाही मोठा असतो, दणका सोसू शकतो.

बरोबर आहे का, ह्याबद्दल मी जरा हळवा आहे कारण माझ्या भावाची छोटी मेस आहे. एकदा कोणीतरी एक स्टार देऊन नुसतं बकवास लिहिलं, बाकी एक अक्षर नाही. वहिनी दोन दिवस विचारत होती की नक्की काय चुकलं असेल, पोळ्या की भात की बोलणं, आणि सांगणार कोण? मला तो माणूस अजून क्रूर वाटतो. नंतर एका मुलाने दोन स्टार देऊन लिहिलं की भात झकास, पोळ्या गरम, पण आमटीत डाळ शोधायला बुडी मारावी लागते. वहिनी आधी खूप हसली, मग उठून पातेल्यात डाव फिरवून बघितला, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन वाट्या डाळ जास्त पडायला लागली. तो मुलगा अजून येतो जेवायला.