चढ काढताना आधी प्रमाण वाच
आलेखकागदावरच्या रेषेचा चढ, म्हणजे आडवं एकाने पुढे गेल्यावर रेषा किती वर किंवा खाली जाते ते, काढायला बिचकू नकोस, दोनच बिंदू लागतात. रेषा चौकोनाच्या कोपऱ्यातून नेमकी जाते तिथलेच घे, अन् एकमेकांपासून लांबचे.

जास्त चुका प्रमाणात, म्हणजे एक चौकोन किती दाखवतो ते वाचण्यात, होतात. समज, लातूरच्या एका घरातल्या टाकीचा आलेख आहे: आडवा एक चौकोन ५ मिनिटं, उभा १०० लिटर. १० व्या मिनिटाला पाणी १८०० लिटर, ४० व्या मिनिटाला १२००. नुसते चौकोन मोजलेस तर सहा उजवीकडे, सहा खाली, चढ उणे १. चूक! उभा फरक उणे ६००, भागिले आडवा ३०: मिनिटाला उणे २० लिटर.

उभ्या अन् आडव्या फरकाच्या दोन्ही वजाबाक्या एकाच बिंदूपासून सुरू कर, नाहीतर चिन्ह उलटतं. रेषा उजवीकडे उतरतेय ना? मग चढ उणेच हवा.

उभ्या रेषेचं सध्या राहू दे.